भास, भ्रम आणि चकवा: कुठे काय म्हणावं?

आशा कार्यकर्ती, दारव्हा तालुका
गावातल्या एका आजींचा मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. दिवेलागणीला त्यांना ओसरीवर लहान पोरं बसलेली दिसतात. पोरं बोलत नाहीत, काही मागत नाहीत. "तिथं कोनी नाही, मले मालूम हाय. पन दिसते ना माय," असं आजीच सांगतात. घरचे म्हणतात भ्रमिष्ट झाली, शेजारी म्हणतात बाहेरचं लागलं. मी वहीत काय लिहू? भास, भ्रम की संभ्रम?

निवृत्त मराठी शिक्षक, दर्यापूर
ताई, 'भास' लिहा. भास् या धातूचा अर्थ प्रकाशणे, दिसणे. दिसलेलं खरं मानलंच पाहिजे, अशी अट त्या शब्दात नाही. 'भ्रम'चा धातू फिरण्याचा, भ्रमण त्यातलंच. त्यामुळे बुद्धी जागची हलल्याचा सूर त्यात येतो. बोलण्यातही बघा, 'मला भास झाला' असं माणूस स्वतःबद्दल सहज सांगतो. 'तुला भ्रम झालाय' हे बहुधा दुसराच म्हणतो.

मानसशास्त्राची प्राध्यापक, यवतमाळ
सरांशी सहमत. आमच्या विषयात दोरीचा साप दिसला तर तो भ्रम, कारण दोरी तरी असते. काहीच नसताना दिसलं तर विभ्रम, म्हणजे बोलीतला भास. कितीही समजावलं तरी न हलणाऱ्या खोट्या समजुतीला काही पुस्तकांत 'संभ्रम' म्हणतात. तो शब्द मला अजिबात पटत नाही. 'पेरावं की पावसाची वाट पाहावी' हा संभ्रम. शेजारी आपल्यावर करणी करतोय, असं मानणाऱ्या रुग्णाच्या मनात असा गोंधळ कणभरही नसतो, त्याची पक्की खात्री असते.

आजींसारखी नोंद फार जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या शार्ल बॉने या निसर्गअभ्यासकाने १७६० साली आपल्या आजोबांबद्दल लिहिलं. मोतीबिंदूने त्यांची नजर गेली होती. त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसत आणि हे खरं नाही हेही कळत असे. डोळ्यांकडून येणारी माहिती आटली की मेंदूचा पाहण्याचा भाग स्वतःच चित्रं उभी करतो. आज या अवस्थेला बॉनेचंच नाव आहे. हा वेडाचा प्रकार नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगा.

उलटी गोष्ट तर फारच विलक्षण आहे. महालक्ष्म्यांचा मुखवटा पुसून ठेवताना आतली खोलगट बाजू थोडी लांब धरून एक डोळा मिटून पाहा. नाक आत गेलेलं असूनही बाहेर आल्यासारखं दिसतं. चेहरा फुगीरच असतो हा मेंदूचा जन्माचा अनुभव डोळ्यावर मात करतो. छिन्नमनस्कतेच्या, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या, रुग्णांना मात्र तो बरेचदा खोलगटच दिसतो. डानाई डिमा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन हा फरक तपासला: रुग्णांत पूर्वानुभवाची पकड सैल पडलेली दिसली. म्हणजे इथे भ्रम निरोग्याला होतो आणि रुग्णाला खरं दिसतं! मग भ्रम झाला म्हणून कुणाला भ्रमिष्ट कसं ठरवायचं?

शेतकरी, धामणगाव
अन् चकवा? जागलीवरून येताना मानूस रातभर एकाच धुऱ्याभवती फिरते, तो भास का भ्रम?

प्राध्यापक
भाऊ, ती दिशेची चूक. जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला लावलं होतं. सूर्य किंवा चंद्र झाकला की ते नकळत गोल फिरले.

शिक्षक
म्हणून 'चकवा' मला प्रिय आहे. चकवणारा बाहेरचा, वाट चुकलेल्याच्या डोक्याला कुणी नावं ठेवत नाही.

आशा कार्यकर्ती
'भास' लिहिते. पण बाकी म्हाताऱ्यांना कसं विचारू? वेडं ठरवतील, भगताकडे नेतील म्हणून सांगतच नाहीत.

शेतकरी
"बाई, नजर कमी झाल्यावर कोनाकोनाले काहीबाही दिसते, तुले दिसते काय?" असं इचारा. भास शब्दच नको.

प्राध्यापक
उत्तम. आवाज ऐकू येतात का, हेही वेगळं विचारा. छिन्नमनस्कतेत दिसण्यापेक्षा ऐकू येणं जास्त आढळतं. आजींना आधी नेत्र शिबिरात न्या. पण तापात, किंवा रोजची दारू एकदम सुटल्यावर कुणाला असं दिसू लागलं, तर शब्द शोधत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.