विंच दोर 'बाहेर' सोडते, 'आत' घेताना फक्त टक् वाजतं. मोटर वाइंडिंगला द्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात समुद्राला लागून घर आहे. जुन्या डिझेल जीपला पुढच्या बंपरवर १२ व्होल्टची, ९५०० पौंडांची, म्हणजे साधारण ४३०० किलोची विंच (मोटरने ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) बसवली आहे. शौक म्हणून घेतली होती, पण आता ती गावाच्याच कामाची झाली आहे. पाटी लावलेली असूनही लोक गाड्या पुळणीवर उतरवतात, ओल्या वाळूत रुततात आणि मग धावत आमच्याकडे येतात. सुरूच्या झाडाला पट्टा टाकून जीप मागून बांधायची आणि गाडी ओढून काढायची, हे आम्ही कितीदा केलं असेल.

परवा पौर्णिमा होती, उधाणाची भरती. एक कुटुंब गाडीसकट अडकलं, सोबत दोन लहान मुलं. दोर लावला, 'आत'चं बटण दाबलं तर टक्, आणि पुढे काही नाही. पाणी मागच्या चाकांना लागलं होतं. शेवटी चाकांखाली झावळ्या घालून पंधरा-वीस जणांनी ढकलली तेव्हा गाडी वर आली. त्या रात्री झोप लागली नाही. ज्या वस्तूच्या भरवशावर आपण 'येतो' म्हणून सांगतो, ती ऐन वेळी चालली नाही.

लक्षणं अशी:
बॅटरी सहा महिन्यांपूर्वीची, इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट. 'बाहेर'चं बटण दाबलं की मोटर व्यवस्थित फिरते, तेव्हा बॅटरीवर ११.९ दिसतात. 'आत'चं दाबलं की टक्, मोटर जागची हलत नाही आणि मीटर १२.५ वर. कधी दहा-बारा वेळा दाबल्यावर एकदा फिरते. जूनपासून विंच वापरली नव्हती. रिमोटच्या सॉकेटच्या पिना घासून पाहिल्या, फरक नाही. वर चार सोलेनॉईडची (बटण दाबलं की मोटरचा जाड करंट जोडणारे स्विच) पेटी आहे, चारही सुटे.

इथल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, मोटर जळली, खोलून वाइंडिंगला पाठवा. पाठवण्याआधी तुम्हाला विचारतो.

प्रतिसाद:
अर्थिंग बघा हो. किनाऱ्यावरच्या गाड्यांत बरेच दोष तिथेच निघतात. चासीला लावलेली निगेटिव्ह गंजते. बॅटरीच्या निगेटिव्हवरून जाड केबल थेट मोटरच्या बॉडीवर घ्या.

धागाकर्ता:
दादा, केबल थेटच आहे. आणि अर्थिंग गेलं असतं तर 'बाहेर' तरी कशी चालली असती?

प्रतिसाद:
तुमचा प्रश्न बरोबर आहे, आणि त्यातच अर्धं उत्तर आहे. मोटर वाइंडिंगला देऊ नका.

तुमची सिरीज मोटर असणार. तिच्यावर ए, एफ-१, एफ-२ असे तीन जाड बोल्ट दिसतील. दोन्ही दिशांना ब्रश तेच, आर्मेचर (फिरणारा भाग) तेच, फील्ड कॉइल (बाहेरची स्थिर गुंडाळी) तीच. दिशा बदलताना फक्त फील्डमधला करंट उलटतो, आणि तो उलटवण्याचं काम सोलेनॉईडांचं. एका दिशेला मोटर नीट फिरते म्हणजे मोटर ठीक आहे.

आता तुमचाच १२.५ चा आकडा बघा. मोटर जाम असती तर तिने शेकडो अँपिअर ओढले असते आणि बॅटरी धाडकन खाली बसली असती. तुमची बॅटरी हललीच नाही, म्हणजे मोटरपर्यंत करंट जातच नाही. टक् वाजलं याचा अर्थ सोलेनॉईडच्या कॉइलने आतला प्लंजर, म्हणजे सरकता दांडा, ओढला, एवढाच. आतली तांब्याची चकती दोन्ही बोल्टांना नीट टेकली, असा त्याचा अर्थ होत नाही.

तपासायचं असं. आधी विंचचा क्लच मोकळा करा, म्हणजे मोटर फिरली तरी ड्रम फिरणार नाही, दोराला काही लावलेलं नको, हात ड्रमपासून लांब. कोणाला तरी 'आत'चं बटण दाबायला सांगा आणि सोलेनॉईडांवर बोट ठेवून बघा, कुठले दोन ओढतात ते कळेल. 'बाहेर'च्या दोघांवर नंतर मीटर धरू नका, ते उघडेच असणार आणि आकडे बघून घोटाळा होईल. 'आत'च्या प्रत्येकाच्या दोन जाड बोल्टांवर मीटरची टोकं ठेवा आणि बटण दाबा. जो नीट टेकतो त्यावर जेमतेम शून्य दिसेल. ज्यावर जवळजवळ पूर्ण बॅटरी दिसेल, तो गेला.

खात्री करायची तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, वायरींचा फोटो घ्या आणि तो सोलेनॉईड 'बाहेर'च्या एकाशी अदलाबदल करा. दोष त्याच्याबरोबर सरकला पाहिजे.

आणि एक कळकळीची विनंती. बॅटरी आणि पेटीच्या मध्ये हाताने तोडता येईल असा जाड आयसोलेटर स्विच बसवा. बॅटरी कमजोर असताना विंच ओढली की सोलेनॉईड थरथरतो, ठिणग्या पडून चकती चिकटते, आणि मग बटण सोडलं तरी विंच ओढतच राहते. दोराजवळ माणूस असेल तर काय होईल, विचार करा.

धागाकर्ता:
काका, मनापासून आभार. आज सकाळी बसलो. 'आत'च्या एका सोलेनॉईडवर ०.१, दुसऱ्यावर १२.४! त्याची अदलाबदल केली, आणि आता 'आत' झकास चालते, 'बाहेर' टक्. मोटर खोलायची वेळच आली नाही.

काढलेला सोलेनॉईड करवतीने कापून पाहिला. चकतीवर काळा थर आणि कडेने हिरवी खार. कारणही सापडलं. पेटीच्या तळाला पाणी निघायचं भोक आहे, ते लाल चिखलाने बुजलं होतं. पावसाळाभर पाणी आत साचलं असणार. म्हणजे पेटी वरून कितीही बंद करा, खालचं भोक मोकळं हवंच. वायरींची टोकंही कापून पाहिली. रबराच्या आत बोटभर तांबं हिरवं झालंय, तेवढं कापून नवे लग (बोल्टला लावायची वायरीची टोकं) दाबून घेतो.

आयसोलेटर उद्याच आणतो. जीपच्या पुढच्या बाजूला बसवला तर दोर बघणाऱ्यालाही तो तोडता येईल, पण तिथे खारं पाणी उडतं. ड्रायव्हरच्या पायाशी बसवावा का?

आणि शेवटचा प्रश्न. एकच सोलेनॉईड बदलू, चारही बदलू, की चौघांऐवजी दोन्ही दिशांचं काम करणारा तो सीलबंद एकच स्विच, कॉन्टॅक्टर, लावू? समुद्राकाठी ज्यांनी लावला असेल आणि त्यावर दोन-तीन पावसाळे काढले असतील, त्यांनी जरूर लिहा. तोवर विंच अडून नाही. क्लच सोडून दोर हाताने बाहेर काढतो आणि 'आत' तिच्यावर घेतो.