जुन्या डेस्कटॉपचे घड्याळ सतत मागे पडते: सेल बदलावा की आधी आणखी काही तपासावे?

मंदगती
नमस्कार. घरातील जुन्या डेस्कटॉपवर (विंडोज ७) अलीकडे वेळ बरोबर राहत नाही. सुरुवातीला सकाळी संगणक सुरू केल्यावर घड्याळ काही मिनिटे मागे दिसत असे. आता मात्र एखाद्या सकाळी ते थेट १ जानेवारी २००९ ही तारीख दाखवते आणि मग ब्राउझर जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित ठरवून उघडण्यास नकार देतो. वेळ हाताने दुरुस्त केली की दिवसभर सारे सुरळीत चालते. रात्री मी भिंतीवरचे बटण बंद करतो. मदरबोर्डवरील सेल बदलावा असे बहुतेक जण सुचवतात, परंतु दोष तिथेच आहे याची खात्री आधी कशी करून घ्यावी? की वेळ जुळवणारे एखादे सॉफ्टवेअर बसवणे पुरेसे ठरेल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दोलक
सर्वप्रथम घड्याळ नेमके कधी मागे पडते, संगणक बंद असताना की चालू असताना, हे ठरवावे लागेल, कारण संगणकात घड्याळे दोन असतात. एक मदरबोर्डवरचे, जे सेकंदाला ३२,७६८ कंपने करणाऱ्या छोट्या क्वार्ट्झ स्फटिकावर चालते आणि संगणक बंद असतानाही वेळ मोजत राहते. दुसरे विंडोजचे स्वतःचे, जे सुरू होताना पहिल्याकडून वेळ उचलते आणि त्यानंतर आपल्या पद्धतीने मोजणी करते. सेल फक्त पहिल्याला लागतो, तोही भिंतीवरचे बटण बंद असेल तेव्हाच. बटण चालू असेल, तर संगणक बंद असूनही पॉवर सप्लायमधून ५ व्होल्टचा राखीव प्रवाह मदरबोर्डला मिळत राहतो आणि सेलवर भार येत नाही.

म्हणून रात्री संगणक सुरू होताना बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन (बहुधा डिलीट किंवा एफ२ ही कळ) तेथील वेळ मोबाइलशी जुळवावी, संगणक बंद करून भिंतीवरचे बटणही बंद करावे आणि सकाळी विंडोज सुरू होऊ न देता पुन्हा थेट बायॉस उघडावे. तेथेच वेळ मागे असेल तर सेल संपत आला आहे. बायॉसमधली वेळ बरोबर असून विंडोजमध्ये मात्र नेमका तासाचा वा अर्ध्या तासाचा फरक दिसत असेल, तर सेलचा काहीही संबंध नाही; टाइम झोन चुकीचा निवडला गेला आहे. आणि संगणक चालू असतानाच वेळ घसरत असेल, तर संशय एखाद्या ड्रायव्हरवर (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) किंवा ओव्हरक्लॉकिंगवर (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा अधिक वेगाने चालवण्यावर) घ्यावा. आपल्या वर्णनावरून मला पहिलीच शक्यता वाटते.

खटपट्या
दोलक यांच्याशी सहमत आहे. तारीख मागच्या एखाद्या ठरावीक दिवसावर जाणे, हे सेल जवळजवळ मेल्याचे लक्षण आहे.

सेल काढण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी: बायॉसच्या सर्व पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. सेल काढल्यावर ही सेटिंग्ज मूळ स्थितीत जाऊ शकतात, आणि त्यात हार्ड डिस्कचा साटा मोड (मदरबोर्डने डिस्कशी संवाद साधण्याची पद्धत) आयडीई ऐवजी एएचसीआय किंवा उलट झाला, तर विंडोज सुरूच होत नाही. मग लोक हार्ड डिस्क बिघडली असे समजून भलत्याच खर्चात पडतात, असे मी अनेकदा पाहिले आहे.

सेल बहुतेक मदरबोर्डवर सीआर२०३२ असतो, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर२०२५ दिसायला तसाच, पण जाडीने कमी असल्यामुळे खोबणीत सैल बसतो. तो घेऊ नये. पॉवर केबल काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे, खोबणीच्या कडेची धातूची पट्टी नखाने बाजूला सारावी, म्हणजे सेल आपोआप वर उचलला जातो. नवा सेल बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर ठेवावी. मल्टिमीटर असल्यास जुना सेल मोजून पाहावा: नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, २.८ च्या खाली आलेला सरळ बदलावा. काढलेला सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. तो गिळला गेल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होते.

नवखा_वाचक
इतके सारे करण्यापेक्षा भिंतीवरचे बटण रात्री चालूच ठेवले तर चालणार नाही का?

दोलक
घड्याळ चालेल, परंतु वीज गेली की पुन्हा २००९. वेगळ्या सॉफ्टवेअरबाबतही माझे मत प्रतिकूलच आहे: वेळ जुळवण्याची सोय विंडोजमध्ये आहेच, आणि मेलेल्या सेलमुळे पुसली जाणारी बायॉस सेटिंग्ज कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

मंदगती
सविस्तर उत्तरांबद्दल आभार. सुचवल्याप्रमाणे तपासणी केली. सकाळी बायॉसमध्येच वेळ मागे होती आणि जुना सेल २.५ व्होल्ट दाखवत होता. नवा सेल बसवला, फोटोंवरून सेटिंग्ज पूर्ववत केली. मात्र विंडोजमध्ये अजूनही २००९ सालच आहे आणि ‘इंटरनेट टाइम’मधील ‘अपडेट नाउ’ दाबल्यावर त्रुटीचा संदेश येतो. इंटरनेट व्यवस्थित सुरू आहे.

दोलक
हे अपेक्षितच आहे. घरगुती विंडोजमध्ये मूळ सेटिंगनुसार, घड्याळ आणि सर्व्हरची वेळ यांत १५ तासांपेक्षा अधिक तफावत असेल तर विंडोज ती दुरुस्ती स्वीकारतच नाही. तारीख, साल आणि वेळ आधी हाताने अंदाजे बरोबर करावी, टाइम झोन पाहावा आणि नंतर ‘अपडेट नाउ’ दाबावे. तरीही अडल्यास सर्व्हिसेसच्या यादीत ‘विंडोज टाइम’ ही सेवा बंद केलेली नाही ना आणि फायरवॉलने वेळ जुळवण्यासाठी वापरले जाणारे यूडीपी पोर्ट १२३ अडवलेले नाही ना, एवढे पाहावे. ब्राउझरची तक्रार तारीख सुधारताच थांबेल. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात आणि २००९ सालच्या दृष्टीने आजची प्रमाणपत्रे अजून लागूच झालेली नाहीत.

याच डेस्कटॉपवर लिनक्सही असेल तर तेही कळवावे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते, लिनक्स सामान्यतः जागतिक वेळ लिहिते, आणि मग एकातून दुसऱ्यात गेल्यावर वेळ दर वेळी तेवढ्याच फरकाने बदललेली दिसते.

मंदगती
लिनक्स नाही. तारीख हाताने बदलताच वेळ पहिल्या प्रयत्नात जुळली आणि संकेतस्थळेही उघडू लागली. आता दिवसाला एक-दोन सेकंदांचा फरक पडताना दिसतो. नव्या सेलमध्येही दोष असावा का?

खटपट्या
नाही. या स्फटिकांची अचूकता साधारणपणे दहा लाखांत २० भाग एवढी असते, म्हणजे दिवसाला सुमारे १.७ सेकंद आणि महिन्याला पाऊण मिनिटापेक्षा थोडे अधिक. शिवाय तापमानानुसार त्यात बदल होतो. विंडोज ७ मूळ सेटिंगनुसार आठवड्यातून एकदाच वेळ जुळवते. तेवढे पुरेसे वाटत नसल्यास टास्क शेड्यूलरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज आणि टाइम सिंक्रोनायझेशन या फोल्डरांतून जाऊन ‘सिंक्रोनाइझ टाइम’ या कामाचा ट्रिगर साप्ताहिक ऐवजी दैनिक करावा आणि संगणक हमखास सुरू असतो अशी वेळ त्यात द्यावी.