फसलेला रोबो लोकांसमोर मांडावा का?

तोलकाटा (मूळ धागा):
दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबो बनवत होतो. तीन आठवडे तेच. उभा केला की क्षणभर थरथरायचा आणि तोंडावर आपटायचा. पीआयडीचे (तोल किती ढळला त्यावरून मोटरला किती जोर द्यायचा ते ठरवणाऱ्या सूत्राचे) आकडे बदलून बदलून थकलो. शेवटी कोड, वायरिंगचे फोटो, पडतानाचा व्हिडिओ, सगळं जसंच्या तसं लोकांसमोर टाकलं. तासाभरात एकाने विचारलं, "लूपमध्ये सीरियल प्रिंट कशाला?" म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडमध्ये संगणकाकडे मजकूर पाठवणारी ओळ. ९६०० बॉडला (पाठवण्याचा वेग) एक अक्षर पाठवायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. मी दर फेरीला चाळीसेक अक्षरं छापत होतो. बफर (अक्षरं थांबण्याची जागा) भरला की आर्डुइनो, म्हणजे रोबो चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड, तिथेच अडकायचा. ५ मिलिसेकंदांत व्हायची ती फेरी ४० वर गेली होती. ती ओळ काढली आणि रोबो उभा राहिला! म्हणून म्हणतो, पूर्ण व्हायची वाट न बघता, फसलेलं असतानाच दाखवा.

गिअरपेटी:
मला पटत नाही. मी रोबोच्या हाताच्या सगळ्या फाइल्स खुल्या केल्या होत्या. काही महिन्यांत तोच हात किट म्हणून विकायला आला, माझा साधा उल्लेखही नाही. फार लागलं ते मनाला, फाइल्स बंदच केल्या. शिवाय नवशिके आयता कोड चिकटवतात, एक ओळ बिघडली की हतबल.

सैल स्क्रू:
उल्लेख न करणं चूकच. पण आर्डुइनो बघा. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेयात सुरुवात झाली, बोर्डाचा आराखडा खुला ठेवला, नावाचा ट्रेडमार्क मात्र स्वतःकडे. नकला भरपूर निघाल्या. पण ढीगभर सेन्सरांच्या तयार लायब्ररी (आयत्या कोडचे संच) आज मिळतात, त्या याच खुलेपणामुळे. त्याच वर्षी बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी रेपरॅप हा खुल्या थ्रीडी प्रिंटरचा प्रकल्प सुरू केला. तुमच्या हाताचे भाग ज्या घरगुती थ्रीडी प्रिंटरवर निघाले, त्याची मुळं बहुधा तिथेच सापडतील.

गिअरपेटी:
ट्रेडमार्क, लायसन्स सगळं ठीक. पण कोणी मोडलं तर हौशी माणूस कोर्टात जाणार का? आणि लिथियम बॅटरीचं काय? कुणाचं अर्धवट चार्जिंग सर्किट बघून दुसऱ्याने जोडलं आणि पेट घेतला तर?

तोलकाटा:
बॅटरीचं शंभर टक्के मान्य. तिथे "तपासलेलं नाही" असं ठळक लिहावं, नाहीतर टाकूच नये. आयत्या कोडचं मात्र नाही पटत. मीही दुसऱ्याचाच कोड घेऊन, मोडून शिकलो. आणि किट विकणाऱ्याने तुमचा हात उचलला, पण तो सुधारायला तुम्हाला मदत करणारं कोणी भेटलं का? फाइल्स बंद केल्यावर तीही वाट बंद झाली.

गिअरपेटी:
ते खरं आहे. बोटं ओढणारी नायलॉनची दोरी आठवडाभरात ढिली पडते, पकड सुटते. वर्षभर त्यावर एकटाच झगडतोय. पूर्ण हात नाही देणार, पण बोटाची एक फाइल आणि दोरीचा मार्ग टाकतो.

सैल स्क्रू:
टाकाच. विणलेली मासेमारीची दोरी लावून बघितलीत का? ती नायलॉनइतकी ताणली जात नाही.