मदत हवी आहे: ट्रॅव्हल ट्रेलरचं छत गळतंय, जुन्या सिलिकॉनचं काय करू?

नमस्कार. आम्ही सिएटलजवळ राहतो. एप्रिलमध्ये जुना २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर घेतलं, २०११ चं मॉडेल. छतावर ईपीडीएम, म्हणजे रबराचं आवरण आहे. परवाच्या जोरदार पावसात पलंगाच्या वर, कपाटाच्या कोपऱ्यात तपकिरी डाग उठला. बोटानं दाबलं तर तिथे मऊ लागतं.

वर फळी टाकून, गुडघ्यांवर बसून सगळं तपासलं. डागाच्या बरोबर वर काहीच नाही. पण चार फूट पुढे बाथरूमच्या व्हेंटभोवतीचं सीलंट चिरलंय. आधीच्या मालकानं त्यावरच सिलिकॉन फासलंय, तेही कडेनं सुटलंय. पाणी तिथून शिरून लाकडावरून आतल्या आत सरकत असणार.

इथे ऑक्टोबरात पाऊस बसला की महिनोन्‌महिने हटत नाही. हातात फार तर दोन-तीन आठवडे आहेत. कोकणात आजोबा घर शाकारताना एकेक कौल हातात घेऊन बघत. मलाही हे तसंच नीट करायचंय, वरवर लिंपण नको.

सिलिकॉन पूर्ण खरवडावं लागेल, की त्यावरूनच इटर्नाबाँड टेप (छताच्या गळतीवर लावायची चिकटपट्टी) चालेल? साफ करायला थिनर वापरू का?

प्रतिसाद १
थिनर अजिबात नको, मिनरल स्पिरिटही नको. पेट्रोलियमच्या द्रावणानं ईपीडीएम फुगतं. आणि सिलिकॉनवर दुसरं काही धरत नाही, टेपसुद्धा. प्लास्टिकच्या पट्टीनं सगळं खरवडून काढा, वेळ लागला तरी.

मग व्हेंटचे स्क्रू काढून तो उचला, खालची ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट पट्टी) नवी घाला आणि वरून स्क्रूंच्या डोक्यांसकट सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे आपोआप पसरून सपाट होणारं लॅप सीलंट लावा. उभ्या कडांवर ते ओघळतं, तिथे नॉन-सॅग, म्हणजे न ओघळणारं घ्या. व्हेंट उचललात की खालची प्लाय स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. रुतला तर कुजकं लाकूड बदलल्याशिवाय वर काहीही लावू नका, ओल आत कोंडेल.

धागाकर्ती
खूप आभार. आज व्हेंट उचलला. एका कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर सहज रुतला, बाकी तिन्ही बाजू टणक आहेत. तेवढाच तुकडा कापून बदलता येईल, की रबर मागे सारून मोठा भाग उघडावा लागेल? सध्या ताडपत्री टाकून ठेवली आहे. फोटो रात्री टाकते.