क्रूझ संपली त्याच दिवशी घरचं विमान : तुमचे अनुभव सांगा

पुढच्या वर्षी आईबाबांना घेऊन क्रूझला जायचं ठरतंय. तिकिटावर ‘आगमन सकाळी ६’ असं छापलंय. ते वाचून आमच्या घरच्या उत्साहमूर्तीने ‘मग साडेदहाचं विमान घेऊन टाकू’ असं जाहीर केलंय. मी एकदा यात पोळले आहे, म्हणून हा धागा.

तेव्हाही जहाज सहाला लागलं होतं. पण सहाला लागतं ते जहाज, आपण नाही. आधी बंदराचे अधिकारी कागदपत्रं तपासून परवानगी देतात, मग बॅगा उतरतात, त्यानंतर माणसं. आदल्या रात्री बॅगांना २७ नंबरचे टॅग लावून त्या केबिनबाहेर ठेवल्या होत्या. सकाळी सव्वानऊला पुकारा चालू होता १४ नंबरचा. थिएटरमध्ये बसून मी शेजारच्या बाईंच्या टॅगकडे असूयेने बघत होते. त्यांचा १५ होता! बॅगा हातात आल्या दहा वीसला आणि विमान होतं बारा पाचचं. मिळालं, पण दारं बंद व्हायला चार मिनिटं असताना. आईबाबांना घेऊन तसं धावता येणार नाही.

तुमचं काय झालं ते लिहा. बंदराचं नाव आणि वेळा जरूर द्या.

*

फोर्ट लॉडरडेल, फ्लोरिडा. साडेदहाचंच विमान घेतलं होतं आणि आरामात मिळालं. आम्ही दोघंच, प्रत्येकी एक छोटी बॅग. बॅगा बाहेर ठेवल्याच नाहीत, स्वतः ओढत उतरलो. सव्वासातला रांगेत, पावणेआठला रस्त्यावर. पासपोर्टच्या ठिकाणी कॅमेऱ्याला चेहरा दाखवला की झालं. विमानतळ इतका जवळ की डेकवरून उतरणारी विमानं दिसतात. उगाच बाऊ करू नये.

*

वरच्यांचं बंदर तेच, माझा अनुभव उलटा. रविवार होता आणि धक्क्याला पाच जहाजं. बंदरातून आम्हीही झटकन सुटलो, पण पाचही जहाजांची माणसं त्याच विमानतळावर. बॅगा द्यायची रांग दाराबाहेर पदपथावर आलेली. अमेरिकेत देशांतर्गत विमानाला साधारण ४५ मिनिटं आधी बॅगा घेणं थांबतं. आमचा नंबर आला तेव्हा ४१ उरली होती. काउंटरवरच्या मुलीने घड्याळाकडे बोट दाखवलं, बस्स. पुढचं विमान संध्याकाळी सातचं. त्या दिवशी बंदरात किती जहाजं आहेत ते बंदराच्या वेळापत्रकात महिनोन् महिने आधी दिसतं. मी ते नंतर पाहिलं.

*

सिव्हिताव्हेक्किया. क्रूझवाले ‘रोम’ म्हणतात, पण रोम तिथून सुमारे ८० किलोमीटर. फ्युमिचिनो विमानतळाला थेट रेल्वे नाही, त्रास्तेव्हेरेला गाडी बदलावी लागते. मी हे सगळं पाठ करून गेलो होतो. बंदरातली बस, मग स्टेशन, कोणता फलाट, सगळं वहीत. फक्त त्या शुक्रवारी रेल्वेचा संप आहे हे वहीत नव्हतं.

इटलीत संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. हे ज्ञान मला स्टेशनवर एका आजोबांनी खुणा करकरून दिलं, तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. फलकावर एकेका गाडीपुढे तांबडी अक्षरं उमटत होती आणि बॅगवाल्यांची गर्दी हळूहळू टॅक्सीच्या दिशेने सरकत होती. शेवटी दोन अनोळखी जोडप्यांबरोबर एक व्हॅन केली. सहा माणसं, अकरा बॅगा. माझ्या मांडीवर कुणाची तरी टोप्यांची पेटी. विमान दोनचं होतं म्हणून वाचलो. संपाच्या तारखा आधी जाहीर होतात, त्या बघत चला.

*

उतरायच्या आदल्या रात्री सगळं पॅक करून बॅग बाहेर ठेवली. सकाळी लक्षात आलं, नवऱ्याची पँट त्यातच. बर्म्युडा आणि स्लिपरवर नऊ तासांचा विमानप्रवास! रक्तदाबाच्या गोळ्या मात्र हातबॅगेत होत्या, तेवढी अक्कल शाबूत.

*

टँपा, तेही फ्लोरिडातच. जानेवारी. धुकं. इथे समुद्रातून धक्क्यापर्यंत खाडीतून तीनएक तास यावं लागतं, आणि धुकं दाट असेल तर ती वाटच बंद करतात. कप्तान कितीही तरबेज असो, बंदराच्या पायलटशिवाय, म्हणजे वाट दाखवणाऱ्या स्थानिक नाविकाशिवाय, आत येता येत नाही. सकाळी सातला डेकवर गेलो तर स्वतःच्या जहाजाचं नाक दिसेना. दर दोन मिनिटांनी भोंगा. धक्क्याला लागलो दुपारी तीनला.

आता मुद्द्याचं. ज्यांनी विमान क्रूझ कंपनीमार्फत घेतलं होतं त्यांची नवी तिकिटं कंपनीच बघत होती. आमच्यासारख्यांनी स्वतःचं स्वतः बघायचं. जहाजाच्या इंटरनेटवर सगळे एकदम तुटून पडलेले, त्यामुळे विमान कंपनीचं पान अर्ध्यावर लटकायचं. बायकोने डोकं चालवलं आणि घरी मुलीला फक्त एक ओळीचा निरोप पाठवला : ‘आजचं सोड, उद्याचं बघ.’ मुलीने तिकडून बदलून दिलं. विम्याचे पैसेही मिळाले, कारण उशिराचं पत्र मी उतरण्याआधीच जहाजाच्या रिसेप्शनवरून शिक्का मारून घेतलं होतं.

*

ताई, क्रूझ ‘व्हेनिस’ला संपणार असेल तर आधी धक्का कुठला ते विचारा. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहराला लागून असलेल्या जुदेक्का कालव्यातून यायला बंदी आहे. काही जवळच्याच मार्गेरा बंदराला लागतात, बरीचशी थेट राव्हेन्नाला. राव्हेन्नाहून व्हेनिसचा विमानतळ म्हणजे बसने दोन-अडीच तास. आम्ही हे बसमध्ये बसल्यावर नकाशा उघडून शोधलं.

*

माझी चूक सगळ्यांत मूर्खपणाची आहे, तरी लिहितो. बार्सिलोना, मार्चचा शेवटचा रविवार. युरोपात त्या रात्री घड्याळ एक तास पुढे जातं. आठवडाभर वेगवेगळ्या देशांचे टॉवर पकडून फोन वेळ बदलत होता, म्हणून वैतागून मी आपोआप वेळ बदलणं बंद करून टाकलं होतं. केबिनमध्ये येणाऱ्या रोजच्या पत्रकात घड्याळाबद्दल ठळक चौकट होती. त्या पत्रकात मी ओले बूट गुंडाळले.

सकाळी निवांत नाश्ता करतोय तर आजूबाजूला टेबलं रिकामी होतायत. वेटरने ‘तुम्ही पुढच्या फेरीला पण आहात का?’ असं अगदी प्रेमाने विचारलं. माझे पावणेआठ, जगाचे पावणेनऊ. विमान साडेअकराचं, आंतरराष्ट्रीय. मिळालं, पण बोर्डिंग पास हातात आला तेव्हा बायको माझ्याशी बोलत नव्हती. पुढे दोन दिवस नाहीच बोलली.

*

उलट बाजूही सांगते. आम्ही घाबरून रात्री नऊचं विमान घेतलं. जहाजाने साडेनवालाच बाहेर काढलं, आणि विमानतळावर बॅगा घेणारं काउंटर सहाला उघडणार. सासूबाई, दोन मुलं, पाच बॅगा आणि आठ तास. बंदराजवळ सामान ठेवायची सोय निघाली, पण ती शोधण्यातच एक तास गेला. मला विचाराल तर दुपारी दोन ते चारमधलं विमान बघा. अलास्काची क्रूझ करून व्हँकुव्हरहून अमेरिकेत परतत असाल तर थोडं पुढचंच, कारण अमेरिकेचं इमिग्रेशन तिथल्या विमानतळावरच, विमानात बसण्याआधी होतं.

*

धागाकर्ती परत आले. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बर्म्युडा, संप, भोंगा, सगळं घरी मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली, सरळ एक रात्र राहू. बाबांनी त्या दिवशी बंदरात किती जहाजं आहेत ते शोधलंसुद्धा : तीन. साडेदहाचं विमान एकमताने रद्द.

उत्साहमूर्ती आता विचारतेय, अकरा चाळीसचं चालेल का?