बॅरल २४ इंच की २६? गनस्मिथला शुक्रवारी सांगायचंय

बापू:
मंडळी, आपल्या रायफलीच्या नव्या बॅरलचं ब्लँक, म्हणजे न कापलेली नळी, आलंय. गनस्मिथ विचारतोय, किती इंचांवर कापू? काडतूस .३०८च, गोळी १७५ ग्रेन वजनाची, अंतर हजार यार्ड, दुर्बीण तीच जुनी. पिकनिकला बोलणं अर्धवट राहिलं होतं. माझं मत २६. जास्त झालं तर पुढे कापता येईल, कमी झालं तर जोडता येत नाही.

नाना:
बापू, लांब बॅरल म्हणजे जास्त अचूक, हे आधी डोक्यातून काढू या. लांबीने मिळतो तो वेग. .३०८ला इंचामागे सेकंदाला साधारण २० ते २५ फूट, म्हणजे दोन इंचांत फार तर ५०. उलट जाडी तीच ठेवून २४ चे २६ केलेत, तर टोकावरच्या तेवढ्याच भाराने बॅरल जवळपास सव्वापट वाकतं, कारण वाक लांबीच्या घनाने वाढतो.

वेग हवा तो हजार यार्डांपर्यंत गोळी आवाजाच्या वेगाच्या वर राहावी म्हणून. त्या वेगाजवळ आली की काही गोळ्या डगमगतात. १६८ ग्रेनच्या जुन्या मॅच गोळीचा तो त्रास आपण सगळ्यांनी पाहिलाय, म्हणून तर १७५ वर आलो. समुद्रसपाटीला असतो तर मीही २६ म्हणालो असतो. पण आपलं डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, हवा १५ टक्के तरी विरळ. गोळीचा वेग इथे सावकाश ओसरतो. अमेरिकी लष्कराच्या एम-२४ स्नायपर रायफलीलाही २४ इंचांचंच बॅरल होतं. आणि पुढे कापायचं म्हणजे मझल, म्हणजे बॅरलचं तोंड, पुन्हा घडवा, लोड, म्हणजे बारूद-गोळीचं प्रमाण, पुन्हा बसवा. ते करत कोण बसणार?

आबा:
नाना, हवा विरळ हे उन्हाळ्याचं गणित झालं. कडक थंडीत हवा दाटते आणि बारूद थंड असली की गोळी मुळातच कमी वेगाने सुटते. तेव्हा ते ५० फूट कामाला येतील.

अक्का:
कडक थंडीत आपल्यातलं कोण रेंजवर जातं, आबा? रायफल आमच्या तिजोरीत असते, म्हणून बोलते. रायफल ठेवायची आहे ती केस २४ च्या हिशोबाने घेतलेली आहे. २६ केलंत तर नवी केस लागेल आणि यंदाचे पैसे गणपतीच्या हॉलला गेलेत. खजिनदार म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

अण्णा:
केसचं काय घेऊन बसलाय, अक्का! आमच्या कोल्हापूरकडच्या पोरांना विचारा लांब बॅरल का लागतं ते. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून, उभ्याने) कांस्य मिळवलं. त्या आधी २०१० ला म्युनिकमध्ये आमची तेजस्विनी सावंत प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली. या रायफली लांबच असतात की!

नाना:
अण्णा, दोघांचाही मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. पण त्या .२२ च्या, म्हणजे छोट्या काडतुसाच्या रायफली. १६-१८ इंचांतच .२२ चा वेग जवळजवळ पूर्ण मिळतो, पुढची लांबी वेगासाठी नसतेच. तिथे दुर्बीण चालत नाही, पुढची आणि मागची साइट (नेम धरायची खूण) वापरतात. दोन्हींत अंतर जास्त तेवढी नेमातली चूक लवकर दिसते, म्हणून बरेच जण मझलपुढे नुसती पोकळ नळीही लावतात. आपल्या रायफलीवर दुर्बीण आहे.

अण्णा:
ते बरोबर. पण वजन पुढे असलं की उभ्याने रायफल स्थिर राहते, हे विसरू नका.

आबा:
आपण झोपून, बायपॉडवर, म्हणजे दोन पायांच्या टेकूवर मारतो हो.

सेक्रेटरी:
कृपया नोंद घ्यावी, रायफल क्रीडा समितीच्या अखत्यारीत आहे. चर्चा जरूर करा, पण गनस्मिथला कळवायचं समितीने. परस्पर कोणी फोन करू नये.

बापू:
समितीत मी आणि नानाच आहोत. केसचा मुद्दा मला पटला, उंचीचा त्याहून जास्त. २४ कळवतो. आबा, थंडीसाठी वेगळा ड्रॉप चार्ट, म्हणजे कुठल्या अंतराला गोळी किती खाली येते त्याचा तक्ता, काढू, तो तुम्हीच करा. आता मझलला थ्रेड, म्हणजे पुढे काही बसवायला आटे, हवेत का, तेवढं आज रात्रीपर्यंत सांगा. ब्रेक (धक्का कमी करणारा जोड) लावला तर शेजारच्या लेनवाल्यांना आवाजाचा त्रास होतो, म्हणून माझं मत, थ्रेड नकोत.

आबा:
थ्रेड पाडून टोपी लावून ठेवा ना. कोणी ब्रेक लावा म्हटलंय का?