मिशनवर गेलेल्या मुलाने दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करावा का?

कृष्णाकाठ

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि गेले सात महिने तो फिलिपाइन्समधील इलोइलो भागात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी म्हणून सेवा करीत आहे. (चर्चचे पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे आहे आणि २०१८ पासून त्याच्या नेतृत्वाने पूर्ण नावाचाच आग्रह धरला आहे, मराठी वाचकांना ओळखीचा म्हणून मी 'मॉर्मन' हा शब्द वापरते.) माझे पती जन्मापासून या चर्चमध्ये आहेत, मी नाही. आम्ही अमेरिकेतील उटाह राज्यात राहतो आणि माझे माहेर सांगलीचे. मुलाने मिशनवर जायचे स्वतः ठरवले आणि मी त्याला मनापासून निरोप दिला, एवढे आधी सांगून मूळ विषयाकडे येते.

मुलांची मिशन चोवीस महिन्यांची असते आणि मुलींची अठरा महिन्यांची. फेब्रुवारी २०१९ पर्यंत या साऱ्या काळात घरच्यांशी प्रत्यक्ष बोलण्याचे दिवस वर्षातून दोनच असत, नाताळ आणि मदर्स डे. बाकी सगळी भिस्त पत्रांवर आणि पुढे ई-मेलवर. त्या महिन्यात नियम बदलला आणि आता दर आठवड्याच्या 'पी-डे'ला, म्हणजे कपडे धुणे, बाजारहाट आणि पत्रव्यवहार यांसाठी राखून ठेवलेल्या दिवशी, मिशनरी घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करू शकतात. कॉल मात्र मुलाने लावायचा असतो, आईवडिलांनी नाही. दर आठवड्याला तो झालाच पाहिजे असेही नियम म्हणत नाही. ते ज्याने त्याने ठरवायचे आहे.

माझा मुलगा सोमवारी सकाळी नऊला कॉल करतो, तेव्हा आमच्याकडे रविवारची संध्याकाळ असते. घरातले सगळे पडद्यासमोर जमतात, जेवलास का, ऊन किती आहे, खोकला गेला का, असे विचारतात आणि चाळीस मिनिटे कशी सरली ते कळत नाही. मिशनरींनी आपल्या जोडीदाराबरोबरच, म्हणजे सोबत नेमून दिलेल्या दुसऱ्या मिशनरीबरोबरच, राहायचे असते, त्यामुळे हे सगळे बोलणे त्याच खोलीत बसलेला दुसरा मुलगाही ऐकत असतो. अशा वेळी माझा मुलगा 'सगळे छान आहे' यापलीकडे काय सांगणार?

अशाच एका आठवड्यात कॉलबरोबर त्याने ई-मेलही लिहिला होता. एका म्हाताऱ्या बाईंनी त्याला दारातच सांगितले की तुझा धर्म मला नको, पण उन्हातून आला आहेस तर बस. आणि त्यांनी त्याला 'आरोस काल्दो' नावाची आल्याची भाताची पेज खायला घातली. ती खाताना सांगलीच्या आजीचा मऊ भात आठवला आणि डोळ्यांत पाणी आले, पण जोडीदाराला दिसू नये म्हणून मी तोंड धुण्याचे निमित्त केले, असे त्याने लिहिले होते. कॉलवर या प्रसंगाचा एक शब्दही नव्हता.

माझ्या पतींची मिशन १९९० च्या दशकात अर्जेंटिनात झाली. त्यांची सगळी पत्रे सासूबाईंनी बुटांच्या खोक्यात जपून ठेवली आहेत आणि माझ्या मुलाने जाण्यापूर्वी ती क्रमाने वाचून काढली. या सगळ्याचा विचार करून मी त्याला सुचवले आहे की महिन्यातून एकदा कॉल कर आणि उरलेल्या आठवड्यांत मोठे पत्र लिही. सांगलीला माझी आई यावर अतिशय रागावली आहे. माझ्या मते मुलाच्या हितासाठी आईने आपल्या ओढीला थोडा आवर घालणे योग्य आहे. आपले मत ऐकायला आवडेल, विरोधातले असले तरीही.

मोगरा

ताई, तुमची कळकळ समजते, पण मी पूर्णपणे विरोधात आहे. माझा मुलगा कोटा येथे शिकायला होता. रोज संध्याकाळी त्याचा संदेश येई: 'जेवलो, अभ्यास चालू आहे.' आम्ही निर्धास्त होतो. एका रविवारी त्याच्या वडिलांनी सहज व्हिडिओ कॉल लावला, तर गालफडे बसलेली, डोळे खोल गेलेले आणि मागच्या टेबलावर डबा तसाच न उघडलेला. आम्ही त्याच रात्री निघालो. लिहिणारा आपल्याला हवे तेच लिहितो, आणि समजूतदार मूल तर आईला काळजी वाटेल असे काहीच लिहीत नाही. चेहरा लपवणे तितके सोपे नसते. मुलगा 'छान आहे' एवढेच म्हणाला तरी त्या वेळी तो कसा दिसतो आहे, हे पाहण्यासाठी दर आठवड्याला कॉल हवाच. सात हजार मैलांवर असलेल्या मुलाचे तोंड महिन्यातून एकदाच बघायचे, हे माझ्या आकलनापलीकडचे आहे.

स्पष्टवक्ता

मला चर्चेचा पायाच मान्य नाही. कायद्याने सज्ञान असलेल्या व्यक्तीने आईशी कोणत्या दिवशी बोलावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही धर्मसंस्थेला असू नये. शिवाय हे काम बिनपगारी आहे आणि त्याच्या खर्चासाठी दरमहा ठरावीक रक्कम मिशनरी किंवा त्याचे कुटुंबच भरते. एवढे घेऊन वर आठवड्याचा एकच दिवस देणे आणि त्यालाच सवलत म्हणणे, हे आपण स्वीकारले कसे? महिन्यातून एक कॉल पुरेसा आहे का, हा प्रश्न माझ्या दृष्टीने फार पुढचा आहे.

कृष्णाकाठ

स्पष्टवक्ता, तुमचा आक्षेप मी माझ्या पतींपुढे अनेकदा मांडला आहे, त्यामुळे तो मला परका नाही. मात्र मुलगा नियम जाणून, स्वतः अर्ज करून गेला आहे आणि परत यावेसे वाटले तर तो येऊ शकतो. मुदतीपूर्वी परत आलेल्या मुलांकडे काही लोक वेगळ्या नजरेने पाहतात, हेही खरे आहे. म्हणूनच निघण्याच्या आदल्या रात्री मी त्याला सांगितले की तू कोणत्याही दिवशी आलास तरी मी विमानतळावर उभी असेन. संस्थेचा अधिकार किती असावा हा वाद मोठा आहे, परंतु माझा मुलगा आज तिथे आहे आणि मला येत्या रविवारचा निर्णय करायचा आहे.

जुनीपाने

बुटांच्या खोक्याचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले. पत्रांविषयीचा आदर मलाही आहे, पण त्यात एक गल्लत होते आहे. १८३९ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिगॅम यंग आणि हेबर किंबॉल हे या चर्चचे दोन नेते इंग्लंडला निघाले, तेव्हा ते स्वतः आजारी होते आणि त्यांची कुटुंबेही आजारी होती. १८५० च्या दशकात ह्यू फिंडले हे मिशनरी मुंबईत आणि पुण्यात काम करत होते. त्या काळी पुण्याहून टाकलेले पत्र विलायतेला पोहोचून त्याचे उत्तर येईपर्यंत कित्येक महिने जात. त्या माणसांनी विरह सोसला, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. अंतर ही त्यांची अडचण होती. पुढच्या पिढ्यांनी तिचेच व्रत केले आणि फोन घरोघरी आल्यानंतरही कित्येक वर्षे ते चालू ठेवले. २०१९ मध्ये चर्चने ते सोडून दिले असताना एका आईने आपल्या घरात ते पुन्हा सुरू करावे, हे मला पटत नाही.

पाऊलवाट

मी स्वतः मिशनरी होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी महाराष्ट्रातला, घरातून या चर्चमध्ये गेलेला पहिलाच. माझी मिशन चर्चच्या बेंगळुरू विभागात झाली आणि ती २०१९ पूर्वी संपली, म्हणजे मला नाताळ आणि मदर्स डे हेच दोन फोन मिळाले. कृष्णाकाठ ताई, आपल्या घरी निदान एक पालक असा आहे ज्याने हे सगळे अनुभवले आहे. माझ्या आईला मदर्स डे म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. मी फोन केला तेव्हा तिने पहिले वाक्य विचारले, 'आज कसा काय फोन केलास, सगळे बरे आहे ना?' आमच्या घरी ज्या दिवशी मुलाचा फोन यायलाच हवा, तो दिवस दिवाळीचा. त्या दिवशी फोन करता येत नव्हता.

मी दर आठवड्याला ई-मेल लिहीत असे. आईला ई-मेल वापरता येत नसे, म्हणून बहीण तो कागदावर छापून आणायची आणि जेवणानंतर वाचून दाखवायची. वडील तेवढ्या वेळापुरते उठून बाहेर जात. त्यांची समजूत अशी होती की मुलाला या लोकांनी घरापासून तोडले आहे आणि म्हणूनच तो बोलत नाही. मी कितीही चांगले लिहिले तरी ती समजूत पत्राने निघण्यासारखी नव्हती, कारण बोलणे बंद असणे हाच त्यांच्या दृष्टीने तिचा पुरावा होता. मी परत आल्यावर त्यांना माझ्याशी नीट बोलायला जवळजवळ वर्ष लागले. आता वडील नाहीत.

आताच्या नियमानुसार आठवड्याच्या कॉलखेरीज पालकांच्या वाढदिवशी आणि त्या त्या संस्कृतीतल्या महत्त्वाच्या सणालाही फोन करता येतो. मला ती मुभा असती तर दर आठवड्याला पाच मिनिटे का होईना, वडिलांना माझा आवाज ऐकू आला असता. ते काही बोलले नसते तरी चालले असते. आपण म्हणता तसे पत्रात मन अधिक उघडते, हे मी नाकारत नाही. माझी पत्रे आजही बहिणीजवळ आहेत. परंतु ज्या घरात चर्चविषयी आधीच शंका आहे तिथे मुलाचा आवाज नियमित ऐकू येणे फार गरजेचे असते. आपल्या मुलाच्या दृष्टीने तसे घर सांगलीला आहे. आपल्या आई रागावल्या आहेत त्यामागे हेच कारण असेल का, याचा कृपया विचार करा.

दिवेलागण

सगळे विरोधात लिहीत आहेत, म्हणून ताईंच्या बाजूने दोन शब्द लिहिते. माझी मुलगी परदेशात शिकते आणि आम्ही रोज बोलतो. इतके बोलतो की तिला तिथे मैत्रिणी मिळवायला दीड वर्ष लागले, कारण एकटेपणा वाटला की ती फोन उचलायची आणि मीही लगेच घ्यायची. तिला लागेल तो आधार मीच देत गेले आणि आसपासच्या माणसांकडे वळण्याची तिला गरजच पडली नाही. आपण जवळ आहोत असे आम्हा दोघींना वाटत होते आणि त्या काळात ती जिथे राहत होती तिथे ती राहतच नव्हती. त्या म्हाताऱ्या बाईंच्या दारात मुलाच्या हाती फोन असता तर ती पेज त्याच्या तितकी लक्षात राहिली असती, असे मला वाटत नाही.

मोगरा

दिवेलागण, रोज बोलणे आणि आठवड्यातून एकदा बोलणे यांत फार फरक आहे. ताईंच्या मुलाच्या हाती त्या दारात फोन असला तरी घरी कॉल करायला पी-डे उजाडावाच लागतो, तेव्हा तुमचे उदाहरण इथे लागू होत नाही.

कृष्णाकाठ

पाऊलवाट यांचा प्रतिसाद मी काल रात्री आईला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, 'मला त्याचे इंग्रजी पत्र वाचता येत नाही, तू मला त्यातले सांगतेस तेवढेच मला कळते.' सात महिन्यांत हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मी पत्रांची बाजू मांडत होते ती पत्रे वाचू शकणाऱ्यांच्या घरातून.

जुनीपाने यांचे म्हणणे मला अर्धेच पटले आहे. विरहाचे व्रत करू नये हे मान्य. पण जोडीदारासमोर जे बोलता येत नाही ते लिहिता येते, ही गोष्ट आजच्या नियमांतही तशीच आहे आणि त्यासाठी पत्राला पर्याय मला दिसत नाही. म्हणून मुलाला असे लिहिते आहे की महिन्यातून एकच कॉल ही माझी सूचना मी मागे घेते. कॉल किती वेळा करायचा हे, नियमात आहे तसे, तूच ठरव, पण मोठे पत्र सोडू नकोस. आणि कॉल करशील तेव्हा पहिली दहा मिनिटे आजीची. तुझे सोमवारचे नऊ म्हणजे सांगलीचे सकाळचे साडेसहा. ती चहा घेऊन बसलेली असते आणि तिच्याशी मराठीतच बोलावे लागते. जोडीदाराला मराठी येत नाही, हे मला आज लिहिता लिहिता सुचले.